आयर्न मेडनचा ‘सेनजुत्सू’ : कोल्हापुरात मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमनगरातल्या माझ्या लेथच्या शेडमध्ये दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आयर्न मेडन हा इंग्लंडचा हेवी मेटल बँड लागतो, हे आता आख्ख्या लाइनीला माहीत झालंय. चहा घेऊन येणारा पोरगा, शेजारचे फिटर, इंजिनिअरिंगची मुलं, माझा भाचा, सगळे काही ना काही विचारतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली. मी नव्वदच्या दशकात कॅसेटवर हा बँड ऐकायला लागलो, त्यामुळे हे मत चाहत्याचं आहे. जे पटलं नाही तेही लिहिलंय.

हा अल्बम नक्की कोणता? कधी आला?

‘सेनजुत्सू’ हा आयर्न मेडनचा सतरावा स्टुडिओ अल्बम. ३ सप्टेंबर २०२१ ला बाजारात आला, पण रेकॉर्डिंग २०१९ मध्येच पॅरिसच्या एका स्टुडिओत उरकलं होतं. दहा गाणी, दोन सीडी, मिळून जवळपास ८२ मिनिटं. निर्माता केव्हिन शर्ली. तो २००० सालच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’पासून त्यांच्याबरोबर आहे.

“२०२१ चा म्हणजे जुना झाला की,” असं भाचा म्हणतो. मला हा अल्बम कळायलाच दोन वर्षं लागली. म्हणून आत्ता लिहितोय.

आणि नावाचा अर्थ?

जपानी शब्द आहे. ढोबळ अर्थ युद्धनीती, डावपेच. म्हणूनच मुखपृष्ठावर त्यांचा एडी, म्हणजे बँडची ओळख झालेलं ते भुतासारखं पात्र, सामुराईच्या चिलखतात उभा आहे. अख्खा अल्बम जपानवर आहे असं मात्र नाही. पहिलं गाणं आणि चित्र सोडलं तर बाकीच्या गाण्यांचा जपानशी फारसा संबंध नाही.

बँड एवढा जुना आहे म्हणतात. तेच लोक अजून वाजवतात का?

स्टीव्ह हॅरिसने २५ डिसेंबर १९७५ ला, ऐन नाताळात, पूर्व लंडनच्या लेटनमध्ये हा बँड काढला. तो बास गिटार वाजवतो आणि सुरुवातीपासून आजपर्यंत सलग राहिलेला तो एकटाच. गिटारवाला डेव्ह मरे पहिल्या अल्बमपासून प्रत्येक अल्बमवर आहे. ब्रूस डिकिन्सन १९८२ च्या अल्बमपासून गातो. मधे १९९३ ला सोडून गेला, १९९९ ला परत आला. आधीचा गिटारवाला एड्रियन स्मिथही त्याच वेळी परतला. तिसरा गिटारवाला यानिक गर्स १९९० पासून आहे आणि ड्रमवर निको मॅकब्रेन १९८३ च्या अल्बमपासून; दौऱ्यांमधून मात्र तो २०२४ ला निवृत्त झाला.

म्हणजे ‘सेनजुत्सू’ रेकॉर्ड होताना ही सहा माणसं एकत्र वाजवायला लागून वीस वर्षं होत आली होती, आणि सगळी साठीच्या पुढे-मागे होती. निको तर ६६ चा. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

भावा, एका वाक्यात सांग. भारी आहे का नाही?

भारी आहे, पण बसून ऐकणाऱ्याला. गाडी चालवता चालवता दोन गाणी ऐकून ठरवणार असाल तर निराश व्हाल.

पहिलं गाणं लागलं की तू सगळ्यांना गप्प का करतोस?

कारण त्याची सुरुवात ड्रमची आहे, आणि ती कोल्हापूरच्या माणसाला जशी पोचते तशी दुसऱ्या कुणाला पोचेल असं मला वाटत नाही.

अल्बमच्या नावाचंच गाणं आहे, आठ मिनिटांच्या वर. गोष्ट साधी आहे. तटावर पहारा आहे, शत्रू चालून येतोय आणि ढोल बडवून इशारा दिला जातोय. निको झांजा जवळपास बाजूलाच ठेवतो आणि मोठ्या ड्रमवर घुमवत राहतो. घाई नाही. लय एका जागी धरून ठेवलेली, आणि ठोका पडला की छातीत लागतो.

खासबाग मैदानात ज्यांनी कुस्ती बघितलीय त्यांना हलगी काय करते ते सांगायला नको. पैलवान हौद्यात उतरेपर्यंत ती एका चालीत चालू असते. अंगावर काटा तेव्हाच येतो, कुस्ती लागायच्या आधी. शाहू महाराजांनी बांधलेलं ते मैदान १९१२ चं. शंभरावर वर्षं त्या मातीत हलगीने माणसाला उभं केलंय. ‘सेनजुत्सू’चा पहिला मिनिट मला थेट तिथे नेऊन बसवतो, दगडी पायऱ्यांवर.

आमच्या पेठेत एक हलगीवाले काका आहेत. कुस्त्या, जत्रा, मिरवणुका, चाळीस वर्षं तेच काम. एकदा शेडमध्ये कामानिमित्त आले तेव्हा मी त्यांना हे गाणं लावून दिलं. काही सांगितलं नाही, कुठला बँड तेही नाही. ते स्टुलावर बसले होते, पुढ्यात एक लोखंडी पट्टी पडलेली. थोड्या वेळाने त्यांची बोटं पट्टीवर चालायला लागली. डाव्या हाताची बोटं बारीक, भरभर आणि उजवा हात वजनाने, हलगीवर काड्या धरतात तसाच. गाण्यात ड्रम जिथे जागा बदलतो तिथे त्यांनी बोटं थांबवली, मान वाकडी करून ऐकलं आणि पुन्हा लय पकडली. गाणं संपल्यावर विचारलं, “वाजवणाऱ्याचं वय काय?” मी म्हटलं सहासष्ट होतं तेव्हा. ते काही बोलले नाहीत. पट्टी उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाले, “परत लाव.”

गाणी एवढी लांब का? बारा मिनिटं कोण ऐकणार?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. आकडे सांगतो : ‘द पार्चमेंट’ साडेबारा मिनिटांच्या वर, ‘हेल ऑन अर्थ’ सव्वाअकरा, ‘डेथ ऑफ द केल्ट्स’ दहाच्या पुढे, ‘लॉस्ट इन अ लॉस्ट वर्ल्ड’ साडेनऊ. ही चारही गाणी एकट्या स्टीव्ह हॅरिसची. दुसऱ्या सीडीवर फक्त चार गाणी आहेत आणि ती ४१ मिनिटं चालते.

हॅरिसची रीत ठरलेली आहे. आधी संथ, एकटी गिटार किंवा बास. ब्रूस हलक्या आवाजात गातो. मग एकदम सगळे आत येतात. मग मधे बराच वेळ तीन गिटारींची बोलाचाली, आणि शेवट परत सुरुवातीच्या संथ सुरावर. लोक त्या पहिल्या दोन मिनिटांना कंटाळतात.

मी त्यांना विचारतो, तुम्ही खडाखडी बघता की नाही? दोन तयारीचे मल्ल हौद्यात उतरले की लगेच पट काढत नाहीत. सलामी होते, हाताला हात लागतो, माना धरल्या जातात, एकमेकांचं वजन जोखलं जातं. बाहेरगावचा पाहुणा म्हणतो, “हे काय, नुसतेच ढकलाढकली करताहेत.” पण जुना शौकीन तेव्हाच पुढे सरकून बसतो, कारण कुस्ती कुठल्या डावावर जाणार ते त्याला त्या खडाखडीतच दिसत असतं. ‘हेल ऑन अर्थ’च्या सुरुवातीला जी शांत धून वाजते, तीच पुढे पूर्ण वेगात परत येते तेव्हा अंगावर धावून आल्यासारखी वाटते. सुरुवातीचा भाग पुढे ढकलून ऐकलात तर पुढचं नुसतं वेगवान गाणं उरतं.

आणि आपण लांबीची तक्रार करावी हे मला पटतच नाही. आपल्याकडे शाहीर डफावर थाप मारून उभा राहिला की पन्हाळ्याचा वेढा सांगायला त्याला तासही पुरत नाही. सिद्दी जौहर येतो, पावसाळा येतो, पालखी निघते, बाजीप्रभू खिंड अडवतात, तोफांचा आवाज होतो, आणि मधे झीलकऱ्यांचं ‘जी जी’. कुणी म्हणतं का, शाहीर, तीन मिनिटांत आवरा? मेडनची गाणी मला पहिल्यापासून पोवाड्याच्या जातीची वाटत आली आहेत : लढाई, गड, राजा, हरलेली माणसं, आणि परत परत येणारं धृपद.

मग लांबी कुठेच खटकत नाही?

खटकते. ‘लॉस्ट इन अ लॉस्ट वर्ल्ड’ची सुरुवात फार सुंदर आहे, अकूस्टिक गिटार आणि आवाजावर आवाज चढवलेला. पण पुढे जे येतं ते त्या सुरुवातीच्या तोडीचं नाही आणि तेच तेच फिरत राहतं. ‘द पार्चमेंट’मध्येही मधला एक फेरा कमी झाला असता तर गाणं कसलं बांधेसूद झालं असतं! खडाखडी रेंगाळली की पंच शिट्टी मारतो. इथे शिट्टी मारणारा कुणी नाही, कारण सहनिर्माता स्वतः हॅरिसच आहे. निर्मात्याने त्याला दोन ठिकाणी तरी अडवायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

ब्रूसचा आवाज उतरलाय का?

उतरलाय, आणि त्यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे.

डिसेंबर २०१४ मध्ये त्याला जिभेच्या मुळाशी कर्करोग असल्याचं निदान झालं. रेडिएशन झालं, केमोथेरपी झाली, मे २०१५ मध्ये डॉक्टरांनी तो बरा झाल्याचं सांगितलं. त्या वर्षी आलेला ‘द बुक ऑफ सोल्स’ निदानाच्या आधीच रेकॉर्ड झाला होता. म्हणजे घशावरच्या त्या सगळ्या उपचारांनंतर त्याने मेडनसाठी गायलेला पहिला अल्बम ‘सेनजुत्सू’ आहे. १९८२ च्या अल्बममधली त्याची ती किंकाळी शोधत हा अल्बम ऐकणं म्हणजे त्या माणसावर अन्याय आहे.

वरच्या पट्टीत तो आता पूर्वीसारखा सहज जात नाही. हॅरिसने शब्द इतके ठासून भरलेत की काही ओळींत त्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही, आणि तिथे ओढाताण ऐकू येते. पण मधल्या आणि खालच्या सुरांत जे आलंय ते आधी नव्हतं. त्याच्या आवाजाला आता वजन आहे, सांगणाऱ्याचा ठेहराव आहे. अल्बमच्या नावाच्या गाण्यात तो तटावरच्या म्हाताऱ्या किल्लेदारासारखा वाटतो.

कोल्हापूरने हे आधी बघितलंय. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज तरुणपणी अतिगायनाने गेला होता, ही गोष्ट आपल्याकडे गाण्याची थोडी आवड असलेल्या घराघरांत सांगतात. आवाज परत आला तो पहिल्यासारखा नाही. मग त्या बदललेल्या आवाजाला साजेल अशी गायकी त्यांनी नव्याने घडवली, आणि शाहू महाराजांच्या दरबारात इथे कोल्हापुरात ती रुजली. जयपूर-अत्रौली घराणं म्हणून आज जिचं नाव घेतो ती हीच. ब्रूसला मी खाँसाहेबांच्या शेजारी बसवत नाही, तो प्रांतच वेगळा. पण आवाज बदलला की गाणारा संपला असं म्हणायची घाई या गावातल्या माणसाने तरी करू नये.

सगळ्यात चांगलं गाणं कुठलं?

‘हेल ऑन अर्थ’. अल्बमचं शेवटचं.

सुरुवात बासच्या आणि गिटारच्या शांत सुरांनी होते. मग घोडदौड सुरू होते. हॅरिस पिक न वापरता बोटांनी बास वाजवतो आणि एका ठोक्यात तीन स्वर असे पाडतो की टापांचा आवाज व्हावा. मेडनची ती खूणच आहे. विषय आहे लहान मुलांच्या वाट्याला आलेलं हिंसेचं जग, आणि या जगातून सुटका मागणारा माणूस. चाल मात्र रडकी नाही. ब्रूस सगळ्यात मोकळा गातो तो इथेच, कारण इथे त्याला श्वास घ्यायला जागा आहे. वेग पूर्ण चढल्यावर एकदम सगळं मावळतं आणि ती पहिली धून उरते. मग तीही हळूहळू विरत जाते.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लॉकडाउन नुकतंच सैल झालं होतं, शेडमध्ये निम्मे कामगार परतलेच नव्हते. गाणं संपल्यावर मी बराच वेळ मशिन सुरू केलं नाही.

‘द रायटिंग ऑन द वॉल’ बद्दल काय?

जुलै २०२१ मध्ये सहा वर्षांनंतर त्यांचं आलेलं हे पहिलं नवं गाणं. स्मिथ आणि डिकिन्सन या जोडीचं. पहिल्या काही सेकंदांत तर जुन्या वेस्टर्न सिनेमाची गिटार वाटते. मेडनचं गाणं आहे यावर माझा विश्वास बसला नव्हता. मधला सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, एड्रियन स्मिथचा आहे आणि तो गुणगुणता येतो. सोलो पाठ होणं ही माझ्या लेखी मोठी गोष्ट आहे. नव्या माणसाने सुरुवात इथूनच करावी, सहा मिनिटांत काम होतं. सोबतचा अ‍ॅनिमेशन व्हिडिओसुद्धा बघाच. बेलशस्सर राजाच्या मेजवानीची बायबलमधली कथा त्यांनी मोटारसायकलवाल्यांच्या टोळीवर बेतलीय.

‘डार्केस्ट अवर’मध्ये चर्चिलचं कौतुक आहे ना? ते तुम्हाला चालतं?

हा प्रश्न मला एका शिक्षकांनी विचारला आणि तो रास्त आहे.

गाणं चर्चिल आणि १९४० च्या त्या दिवसांवर आहे. समुद्राच्या लाटा, पक्ष्यांचा आवाज, संथ लय. एड्रियनचा सोलो अप्रतिम. ब्रूस जीव ओतून गातो. इंग्लंडच्या माणसाला तो काळ तसाच आठवणार, हे मी समजू शकतो. पण १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं अन्नावाचून मेली तेव्हा सत्तेवर हाच माणूस होता, हे मी विसरू शकत नाही. त्यामुळे हे गाणं मी सुरांसाठी ऐकतो. शब्दांशी माझं जुळत नाही, आणि जुळवून घ्यायची मला गरजही वाटत नाही.

‘डेथ ऑफ द केल्ट्स’ जुन्या गाण्यासारखं वाटतं.

वाटतंच. १९९८ च्या अल्बममधलं ‘द क्लॅन्समन’ ज्यांना पाठ आहे त्यांना चाल, विषय, मांडणी सगळंच ओळखीचं लागेल. दोन्हींत मला जुनंच जास्त आवडतं.

लहान गाणी आहेत का नाहीत?

आहेत. ‘स्ट्रॅटेगो’ पाच मिनिटांचं, सरळ घोडदौड. ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ चार मिनिटांचं, अल्बममधलं सगळ्यात छोटं आणि चटकन लक्षात राहणारं. दोन्ही चांगली आहेत, पण अल्बमचं वजन त्यांच्यावर नाही.

आवाज असा घुसमटलेला का येतोय? माझे स्पीकर खराब आहेत का?

तुमचे स्पीकर ठीक आहेत. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. केव्हिन शर्लीला बँड एका खोलीत एकत्र वाजवताना जसा वाजतो तसा पकडायचा असतो, आणि त्यात जिवंतपणा येतो हे खरं. पण इथे तीन गिटारी एकमेकींत मिसळून चिखल होतो. ब्रूसचा आवाज काही ठिकाणी मागे ढकललेला वाटतो, आणि भरीला कीबोर्डचा थर. ‘लॉस्ट इन अ लॉस्ट वर्ल्ड’मध्ये कोण काय वाजवतंय ते शोधावं लागतं.

लेथवर काम करणाऱ्या माणसाला फिनिशिंगची सवय असते. जॉब मापात आहे पण वरचा हात नीट फिरलेला नाही, असं मला या अल्बमबद्दल वाटतं.

गणपतीत डॉल्बीवर लावलं तर?

मुळीच लावू नका. मंडळाच्या पोरांनी खरंच विचारलंय म्हणून सांगतो. डॉल्बीच्या भिंतीवर खालचा आवाज इतका फुगवलेला असतो की हॅरिसचे ते तीन-तीन स्वर एकच गुरगुर होऊन जातील, आणि आधीच मिसळलेल्या गिटारी पार बुडतील. शिवाय पेठेतल्या म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात ते वेगळेच. चांगले हेडफोन घ्या, नाहीतर साधे दोन स्पीकर खोलीच्या दोन कोपऱ्यांत ठेवा आणि मधे बसा. आवाज मध्यम. डावीकडे-उजवीकडे गिटारी वेगळ्या व्हायला लागल्या की जागा बरोबर बसली असं समजा.

घरचे म्हणतात हे सैतानाचं संगीत आहे. काय सांगू?

माझ्या आईनेही विचारलं होतं. भिंतीवर एडीचं पोस्टर होतं, डोळे बाहेर आलेले, हाडं दिसणारा. १९८२ मध्ये अमेरिकेत काही धार्मिक गटांनी त्यांच्या ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ (बायबलमधल्या श्वापदाचा आकडा) या अल्बमच्या नावावरून गोंधळ घातला, रेकॉर्डी जाळल्या. तेव्हापासून हा शिक्का बसलाय. गाणी वाचलीत तर युद्धं, इतिहास, दुःस्वप्नं, विमानं, पुराणकथा सापडतील. भक्ती कुठल्याच सैतानाची नाही.

आईला मी एवढंच म्हटलं, आपल्या गावाचं नाव कोल्हासुरावरून पडलं असं तूच मला सांगितलंस ना? देवीच्या गोष्टीत राक्षस असतोच, आणि लहानपणी मला सगळ्यात जास्त तोच बघायचा असायचा. आईला ते पटलं. पुढे पोस्टर फाटलं तेव्हा तिनेच चिकटपट्टी लावून परत डकवलं.

इंग्रजी नीट कळत नाही, तरी ऐकू का?

ऐका. मलाही पहिली काही वर्षं निम्मं कळत नव्हतं. आधी सूर ऐका, मग शब्द समोर ठेवून एकदा वाचा. मेडनमुळेच मी डिक्शनरी विकत घेतली होती आणि ती अजून शेडच्या कपाटात आहे.

‘द बुक ऑफ सोल्स’पेक्षा चांगला आहे का?

तोही दुहेरी अल्बम, ९२ मिनिटांचा. त्यात उंच शिखरं जास्त आहेत, पण सपाट भागही जास्त आहे. ‘सेनजुत्सू’ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका मनःस्थितीत राहतो. आज एकच लावायचा असेल तर मी ‘सेनजुत्सू’ लावतो.

लोकांनी विकत घेतला का? रॉक तर संपला म्हणतात.

ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर, अमेरिकेत तिसऱ्या. अमेरिकेत याआधी त्यांचा एकही अल्बम इतका वर गेला नव्हता. बँड काढल्यानंतर ४५ वर्षांनी.

तुम्ही त्यांना प्रत्यक्ष पाहिलंत का?

हो, एकदाच. १ फेब्रुवारी २००८, मुंबई, वांद्रे-कुर्ला संकुल. त्यांचा मोठा जागतिक दौरा त्या दिवशी मुंबईतूनच सुरू झाला होता. बँड आणि सामान सगळं एका बोइंग ७५७ मध्ये, आणि विमान चालवणाऱ्यांत स्वतः ब्रूस. आम्ही तिघं आदल्या रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने जनरल डब्यातून गेलो, दाराशी बसून. मैदानावर धूळ होती, संध्याकाळ झाली होती. अंधारात आधी चर्चिलचं भाषण लागलं आणि ते संपताक्षणी ‘एसेस हाय’ सुरू झालं. माझ्या पुढचा मुलगा रडत होता. तो शिलाँगहून आला होता, तीन गाड्या बदलून. आम्ही एकमेकांना ओळखत नव्हतो, पण शेवटपर्यंत त्याचा हात माझ्या खांद्यावर होता.

‘सेनजुत्सू’ची गाणी घेऊन २०२३-२४ मध्ये ते फिरले, त्यात भारत नव्हता. ‘हेल ऑन अर्थ’ समोर उभं राहून ऐकायचं राहिलं.

निको आता वाजवत नाही म्हणे?

जानेवारी २०२३ मध्ये निकोला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली होती. ड्रम वाजवणाऱ्याचा उजवा हात. तरीही त्याच वर्षी मे महिन्यात तो दौऱ्यावर उभा राहिला, काही जागा सोप्या करून, आणि काही गोष्टी आता हाताला जमत नाहीत हे त्याने उघडपणे सांगितलं. ७ डिसेंबर २०२४ ला ब्राझीलमध्ये साओ पावलोला त्याने दौऱ्यांमधून निवृत्ती घेतली. त्यानंतर स्टेजवर ड्रमला सायमन डॉसन बसतो.

‘सेनजुत्सू’ रेकॉर्ड झाला तो झटक्याच्या आधी, हात शाबूत असताना. निको अनवाणी वाजवतो आणि पायाला जवळजवळ कायम एकच पेडल. आजकालचे ड्रमर दोन पायांनी जे करतात ते तो एका पायाने करत आला. पहिल्या गाण्यात त्याचे दोन्ही हात ऐका, उजव्याचं वजन वेगळं कळतं.

हलगीवाल्या काकांना मी हे नंतर सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या उजव्या खांद्यात आता कळ येते, मोठ्या मैदानात त्यांचा मुलगा वाजवतो आणि ते शेजारी बसून हलगी शेकून देतात. ऐकून त्यांनी विचारलं, “आता बसतो का मग शेजारी?” ते मला ठाऊक नव्हतं.

अल्बमची सीडी ऐकायला नेऊ का?

सीडी बाहेर देत नाही. रविवारी शेड बंद असते, दुपारी तीननंतर या. पहिली सीडी चाळीस मिनिटांची, मग चहा, मग दुसरी. मधे बोलायचं नाही. काका आले तर स्टूल त्यांचं.